चोवीसचा पाढा

३० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेतल्या एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा बंद केली. लेकीने ती बातमी मला पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, "आई, तुझी वही आठवली." म्हणून माळ्यावरून वही काढली.

शंभर पानी, पिवळ्या पुठ्ठ्याची वही. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळूणच्या घरात खाली कमरेच्या वर पाणी होतं. जिन्याखाली ठेवलेला जुना कॉम्प्युटर त्यात गेला. वही माळ्यावर होती, म्हणून वाचली. तेव्हा खाली जे आकडे देते आहे ते आठवणीतले नाहीत, वहीतले आहेत. आकडे दोघांच्या अक्षरांत आहेत. वेळ आणि मिनिटं ह्यांच्या अक्षरात, कारण हे बँकेत होते आणि टेलिफोनचं बिल आल्यावर ते ताडून पाहिल्याशिवाय ह्यांना चैन पडत नसे. स्पीडचा रकाना माझा. तो मी का घातला ते पुढे येईलच.

घरात लहान वाचणारेही आहेत म्हणून थोडं सांगते. तेव्हा इंटरनेट 'असायचं' नाही, ते 'लावावं' लागायचं. भारतात सर्वसामान्यांसाठी ते सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून, आणि खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ च्या अखेरीस. आमच्याकडे ते आलं २००० च्या दिवाळीत. बाजारातल्या दुकानातून जोडून घेतलेला कॉम्प्युटर, सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८, आणि आत मॉडेमचं कार्ड. टेलिफोनची वायर त्या कार्डात खोचायची. मॉडेम टेलिफोनसारखाच नंबर फिरवायचा, पलीकडून दुसरा मॉडेम उचलायचा, आणि मग दोघांचं ते किंचाळणं सुरू. शेजारच्या काकू पहिल्यांदा ऐकून धावत आल्या होत्या, मांजर कुठे अडकलंय का बघायला :-) तेवढा वेळ घरचा फोन अडलेला. बाहेरून कुणी फोन केला तर त्याला एंगेज टोन. आणि घरात कुणी दुसरा रिसीव्हर उचलला की सगळं धाडकन बंद.

मॉडेमला जे हुकूम द्यायचे ते सगळे 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होतात. हेज नावाच्या कंपनीने १९८१ मध्ये काढलेल्या मॉडेमपासून ही पद्धत पडली. एटी म्हणजे 'अटेन्शन', म्हणजे आपलं पी.टी.च्या तासाचं 'सावधान'! हे कळल्यावर मला मॉडेमची भीती वाटेनाशी झाली. आधी सावधान म्हणायचं, मग काम सांगायचं. तीस वर्षं दुसरं काय केलं?

असो. आता मुद्द्याकडे.

२००२ च्या मे महिन्यात ह्यांची पुण्याला बायपास झाली. लेक तेव्हा न्यू जर्सीत, पोटुशी. बाळंतपण सप्टेंबरात, तोवर हे सावरतील आणि मी जाईन असं ठरलं होतं. पण नातू ९ जुलैलाच आला. नऊ आठवडे आधी. वजन १,३४० ग्रॅम. जन्मल्याबरोबर त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. इकडे ह्यांना जिना चढायची परवानगी नव्हती आणि मला त्यांना सोडून हलता येत नव्हतं. परदेशी फोन तेव्हा इतका महाग की आठवड्यातून एकदा पाच मिनिटं बोलायचं, त्यातली दोन रडण्यात जायची. म्हणून मेल. आमच्याकडे पहाटेचे साडेपाच म्हणजे त्यांच्याकडे आदल्या रात्रीचे आठ. लेक दवाखान्यातून घरी येऊन तीन ओळी लिहायची. इंग्रजी अक्षरांत मराठी, कारण मेलमध्ये देवनागरी पाठवलं की इकडे नुसत्या चौकटी दिसायच्या. त्या तीन ओळींतली एक ओळ म्हणजे त्या दिवशीचं वजन. १,३४०. मग १,२९०. मग १,२६०. अशी बाळं आधी थोडी उतरतात हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सांगितलेलं वेगळं आणि पहाटे एकटीने वाचणं वेगळं.

आणि नेमका जुलै. चिपळूणचा जुलै म्हणजे काय ते आपल्या माणसांना सांगायला नको.

१४ जुलैला जावयांनी बाळाचा फोटो पाठवला, नव्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेला. हौसेने पाठवला बिचाऱ्यांनी. फाइल सव्वा एमबीची. मेलमधून जाताना फाइलचं अक्षरांत रूपांतर होतं, तिथे तीन बाइटचे चार होतात, म्हणजे ती झाली जवळजवळ पावणेदोन एमबी. आमचा स्पीड त्या दिवशी २१,६००. कागदावर हिशेब केला तर अकरा मिनिटं. प्रत्यक्षात वीस मिनिटांनी ऐंशी टक्क्यांपर्यंत आलं आणि लाइन तुटली. पुन्हा लावलं तर पुन्हा शून्यापासून. ही त्या वेळच्या मेलची रीतच होती, अर्धा उतरलेला निरोप धरला जात नसे. त्याहून वाईट म्हणजे मेल एकामागून एक उतरायचे. हा धोंडा दारात बसलेला, आणि त्याच्या मागे लेकीच्या तीन ओळी अडकलेल्या. दोन दिवस आम्हाला वजन कळलं नाही. ह्यांनी वहीत त्या दोन तारखांपुढे काही लिहिलेलं नाही, फक्त मिनिटं: ४७, ५२.

तो धोंडा आधी हलवला. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये नियम घालता येत असे, अमुक आकारापेक्षा मोठा मेल सर्व्हरवरून उतरवू नकोस असा. मी १०० केबीची मर्यादा घातली. तीन ओळी धडाधड आल्या. १,२४५. १,२५०. पाच ग्रॅम वाढले होते! जावयांना कळवलं की फोटो ६४० बाय ४८० चा करून पाठवा. तसा फोटो चाळीस-पन्नास केबीत बसतो, म्हणजे आमच्या रडक्या लाइनवरही पंचवीस-तीस सेकंद.

पण लाइन तुटत होतीच. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, रॅम वाढवा, १२८ करा." त्याने स्क्रीनवर मोठ्या अभिमानाने ११५,२०० हा आकडा दाखवला आणि म्हणाला, "बघा, स्पीड तर फुल आहे." हा आकडा पुष्कळांना फसवायचा. तो कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारच्या मॉडेमच्या मधला वेग. स्वयंपाकघरातून ताट ओटीवर किती झटकन येतं तेवढंच तो सांगतो, भाजी बाजारातून घरी यायला किती वेळ लागला ते नाही. खरा आकडा कनेक्शन जोडलं की कोपऱ्यात दोन छोट्या कॉम्प्युटरांचं चित्र यायचं, त्यावर क्लिक केलं की कळायचा.

तो आकडा मी डिसेंबर २००० पासून रोज लिहीत होते. का, तर मास्तरकीची खोड. हजेरी मांडल्याशिवाय तास सुरू होत नाही. आता दीड वर्षाची हजेरी पुढ्यात घेऊन बसले, आणि एक गंमत दिसली.

कोरड्या दिवसांतले आकडे असे: ४२,६६६, ४४,०००, ४५,३३३, क्वचित ४६,६६६. पावसाळ्यातले असे: ३१,२००, २८,८००, २६,४००, २१,६००. नुसते कमी-जास्त नव्हेत, जातीनेच वेगळे. पावसाळ्यातले सगळे चोवीसच्या पाढ्यातले! चोवीस तेरे तीनशे बारा, चोवीस बारे दोनशे अठ्ठ्याऐंशी, चोवीस अकरे दोनशे चौसष्ट, चोवीस नव्वे दोनशे सोळा. वर दोन शून्यं. आणि कोरड्या दिवसांतले त्या पाढ्यात बसतच नाहीत, त्यांची पायरी साधारण १,३३३ ची.

भाच्याने मग एका पुस्तकाची झेरॉक्स आणून दिली, त्यात उलगडा होता. टेलिफोनच्या तारेतून मुळात माणसाचा आवाज जायचा, ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच. त्या फटीतून दोन्हीकडून आवाजाच्या रूपात माहिती ढकलायची तर कमाल वेग ३३,६००. या पद्धतीला व्ही.३४ म्हणतात आणि तिचे वेग २,४०० च्या पटीत असतात. १९९८ मध्ये व्ही.९० नावाची पद्धत आली, तीच ती '५६ के'. तिने युक्ती केली. टेलिफोन एक्स्चेंज डिजिटल झालं होतं. तिथे आवाजाचे सेकंदाला ८,००० तुकडे होतात, दर तुकड्याचे ८ बिट, म्हणजे ६४,०००. इंटरनेट कंपनीचा मॉडेम एक्स्चेंजला थेट डिजिटल जोडलेला असेल तर येणारी माहिती आवाजात बदलावी लागते एकदाच, एक्स्चेंज ते आपलं घर एवढ्या तारेपुरती. (जाणारी माहिती तरीही ३३,६०० च्या आतच. पण आम्ही पाठवत काय होतो, तीन ओळी!) व्ही.९० ची पायरी म्हणजे ८,००० भागिले ६. म्हणून ते १,३३३.

मात्र ती शेवटची तार स्वच्छ लागते. तिच्यात खरखर असली की मॉडेम व्ही.९० चा नाद सोडून व्ही.३४ वर उतरतो. म्हणजे आकडा चोवीसच्या पाढ्यातला आला की समजायचं, नवी पद्धत जमली नाही. कॉम्प्युटरची रॅम १२८ करा की १,०२८ करा, पाढा तोच राहणार.

आणखी एक गोष्ट वहीत होती. पहाटे साडेपाचला गर्दी नसते, म्हणजे स्पीड उत्तम हवा. आमचा पहाटेचा स्पीड दुपारपेक्षा कमी! थंडीतसुद्धा. दवाने. दुपारी ऊन तापलं की सुधारायचा. गर्दीचा दोष असता तर असं उलटं झालं नसतं. ऊन-पाऊस कळतो तो तारेला.

तरी खात्री करायला हवी होती. कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घालून बाजारातल्या त्या दुकानात नेला, भर पावसात, प्लॅस्टिकच्या चादरीत गुंडाळून. त्यांच्या टेलिफोनला जोडून आमच्याच नावाने, आमच्याच पासवर्डने, त्याच नंबरला लावला. ४६,६६६. डबा तोच, मॉडेम तोच, पाऊस तोच. बदलली फक्त तार. दुकानातला मुलगा काही बोलला नाही, पण रॅमचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

घरी येऊन आतून सुरुवात केली. माजघरात एक पॅरलल फोन होता, त्याची वायर कौलांखालून वाशांना खिळे मारून नेलेली, वीस वर्षांपूर्वीची. ती मूळ पेटीतच सोडवून टाकली. मॉडेम त्या पेटीला आखूड वायरने थेट जोडला. २१,६०० चे २६,४०० झाले. म्हणजे थोडा दोष घरात होता, उरलेला बाहेर. मग साधा फोन त्या पेटीला लावून एकच आकडा फिरवला, की डायल टोन थांबते आणि लाइन शांत होते. ती शांतता कानाला लावून ऐकली. तापल्या तेलात मोहरी पडावी तशी तडतड. दारातल्या माडाची झावळी वाऱ्याने हलली की जास्त.

तोवर काम चालावं म्हणून मॉडेमला दोन हुकूम दिले, कंट्रोल पॅनेलमध्ये त्यासाठी एक जादा रकाना असायचा. एक, एस१०=५०. पलीकडचा आवाज गेला तर एरवी मॉडेम दीडएक सेकंदात फोन ठेवून देतो, त्याला पाच सेकंद धीर धर म्हणून सांगितलं. दुसरा, व्ही.९० चा प्रयत्नच करू नकोस, व्ही.३४ नेच बोल. (हा हुकूम प्रत्येक बनावटीच्या मॉडेमला वेगळा, म्हणून लिहीत नाही.) कमी वेग मागितल्यावर काम लवकर होऊ लागलं. कारण खराब तारेवर मॉडेम मोठ्या वेगाने जोडतो, मग चुका होतात, चुकलेलं पुन्हा मागतो, मग दोघे थांबून नव्याने सूर जुळवतात, तेवढा वेळ स्क्रीन थिजलेली. वरच्या पट्टीत सुरू करून कडव्यागणिक थांबणाऱ्या मुलापेक्षा खालच्या पट्टीत सगळी कविता म्हणणारा बरा, तसं. ह्यांच्या रकान्यात मिनिटं ४७ वरून ९ वर आली.

टेलिफोन ऑफिसात तक्रार द्यायला गेले तर तक्रारीच्या खिडकीवर प्रश्न एकच, "फोन बंद आहे का?" बंद नव्हता. बंद नसलेल्या फोनची तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची, हा त्यांचाही प्रश्न खरा होता. तरी लाइनमन आला. बघते तर आमच्या शाळेचा विद्यार्थी, ८५-८६ च्या सुमाराचा. दारातूनच म्हणाला, "बाई, तुम्ही होय!" खांबावर चढून, तपासायचा फोन लावून ऐकून खाली आला. "बाई, डायल टोन खणखणीत आहे की. आवाजपण येतोय."

"तुझ्या कानाला येतोय रे," म्हटलं. "माणूस अर्धं ऐकून उरलेलं समजून घेतो. ह्याला तसं येत नाही." आणि वही त्याच्यापुढे ठेवली. तो ओटीवर बसून पानं उलटत राहिला. पावसाची पानं आणि उन्हाची पानं. चोवीसचा पाढा त्याला म्हणून दाखवला तर म्हणाला, "बाई, पाढे तुम्ही शिकवायचा नाहीत, मराठी शिकवायचात." पण उठला, आणि शिडी यावेळी खांबाला नाही, माडाला लावली.

खांबावरून घराकडे येणाऱ्या वायरला मध्येच एक जोड होता, कधीतरी तुटल्यावर पिळून, वर काळी टेप गुंडाळून केलेला. झावळीने घासून टेप सुटलेली. पाणी आत जाऊन तांबं हिरवं पडलेलं, आणि एक पदर जवळजवळ तुटायला आलेला. बोलण्याचा आवाज त्यातून कसाबसा पार व्हायचा. ओल आली की लाइनमधला जोर जमिनीकडे गळायचा, झावळी हलली की हिरव्या पुटात कडकड व्हायची. त्याने जोड काढला नाही, खांबापासून पेटीपर्यंत सलग नवी वायर ओढली आणि माडापासून हातभर लांब घेतली. दोन तास लागले. पाऊस चालूच.

खाली आल्यावर त्याला चहा दिला आणि त्याच्यासमोरच लावून बघितलं. आधी मॉडेमचा तो दुसरा हुकूम काढून टाकला. नंबर फिरला, किंचाळणं झालं, कोपऱ्यात चित्र आलं. ४४,०००. बाहेर धो धो पाऊस आणि चोवीसचा पाढा नाही! हे खुर्चीतून म्हणाले, "तारीख सांग." २३ जुलै.

जावयांनी लहान केलेला फोटो आदल्या रात्रीच येऊन पडला होता. तो मी ब्राउझरमधून उघडला. वरून खाली एकेक पट्टी उतरत आली. आधी पांढरी टोपी, मग कपाळ, मग मिटलेले डोळे, नाकात नळी. लाइनमन ओल्या रेनकोटातच मागे उभा होता, आत यायला तयार नव्हता, लादी ओली होईल म्हणून.

"बाई, केवढाय?"

"चौदाशे दहा," मी वाचून सांगितलं.

"चौदाशे दहा काय?"

"ग्रॅम."

त्याने हिशेब केला असावा. मग कापलेल्या वायरीचा हिरवा तुकडा खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा ठेवा, सायन्सच्या सरांना द्या." तो मी दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन दिला. वहीत त्या तारखेपुढे स्पीडच्या रकान्यात ४४,००० आहे, मिनिटांच्या रकान्यात ६. आणि शेजारी, जिथे एरवी काहीच लिहायचं नसे तिथे, ह्यांच्या अक्षरात १,४१०.